२९ मिनिटं : डॅनियल अ‍ॅगर आणि दुखणं दाबण्याची किंमत

मार्च २०१५. डेन्मार्कच्या राजधानीतली फुटबॉलची सगळ्यात तापलेली लढत : एफसी कोपनहेगन विरुद्ध ब्रॉन्डबी. ब्रॉन्डबीच्या बचावफळीचा आधार होता डॅनियल अ‍ॅगर. राष्ट्रीय संघाचा कर्णधार, इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबसाठी आठ वर्षं झुंजून आपल्या पोरपणीच्या क्लबात परतलेला. वय अवघं तीस. २९व्या मिनिटाला त्याला मैदानाबाहेर घेतलं. अ‍ॅगर अर्ध्यातून बाहेर जातोय हे दृश्य चाहत्यांच्या अंगवळणी पडलं होतं. पाठ, गुडघा, पाऊल, काहीतरी पुन्हा दुखावलं असणार, असंच बहुतेकांनी धरून चाललं.

खरं कारण बाहेर आलं २०१६ च्या उन्हाळ्यात, निवृत्तीनंतर. युलंड्स-पोस्टन या डॅनिश वृत्तपत्राला दिलेल्या मुलाखतीत अ‍ॅगरनेच ते सांगितलं. त्या सामन्याच्या आधीच्या आठवड्यात त्याने सूज आणि दुखणं उतरवणाऱ्या गोळ्या ठरलेल्या प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त घेतल्या होत्या. सामन्याआधी त्याला झोप आवरत नव्हती. जागं राहायला कॅफीनचा आधार घ्यावा लागला. मैदानावर तो उतरला, पण शरीर हुकूम ऐकत नव्हतं. आणि ही एका दिवसाची चूक नव्हती. कारकिर्दीतली बरीच वर्षं अशा गोळ्यांवर काढल्याचं त्याने स्वतःच कबूल केलं.

मी कोल्हापुरात खेळाडूंची फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलामुलींना गेली काही वर्षं मी हेच प्रकरण पहिल्या दिवशी सांगते. त्यांना वाटतं, मी गुडघ्याच्या लिगामेंटपासून, म्हणजे हाडांना हाडांशी बांधणाऱ्या पट्ट्यापासून, सुरुवात करेन. मी सुरुवात करते एका गोळीपासून.

व्हिदोव्रेचा मुलगा

१२ डिसेंबर १९८४ चा जन्म. कोपनहेगनच्या नैऋत्येला लागून असलेलं व्हिदोव्रे हे उपनगर. तिथल्या रोसेनहोय या छोट्या क्लबात पाय मोकळे केले आणि लहान वयातच तो ब्रॉन्डबीच्या युवा संघात दाखल झाला. २००४ च्या उन्हाळ्यात मुख्य संघात जागा मिळाली. प्रशिक्षक होता मायकेल लाउड्रप, डेन्मार्कने घडवलेला सर्वांत देखणा फुटबॉलपटू. चेंडू बाहेर भिरकावून मोकळा होणारा बचावपटू लाउड्रपच्या संघात शोभला नसता. अ‍ॅगर तसा नव्हताच. डावखुरा सेंटर बॅक, म्हणजे बचावफळीच्या मधोमध खेळणारा, चेंडू पायात आला की मान वर, आणि समोर जागा दिसली की सरळ मधल्या फळीत घुसणार. पहिल्याच पूर्ण हंगामात, २००४-०५ मध्ये, ब्रॉन्डबीने लीग आणि डॅनिश चषक दोन्ही जिंकले. जून २००५ मध्ये राष्ट्रीय संघाचा शर्ट अंगावर आला. जानेवारी २००६ मध्ये लिव्हरपूलचा प्रशिक्षक रफाएल बेनिटेझने त्याला लिव्हरपूलला नेलं. किंमत ५८ लाख पाउंडांच्या घरात सांगितली गेली. डेन्मार्कमधल्या क्लबातून बाहेर जाणाऱ्या खेळाडूसाठी तेव्हा हा आकडा डोळे फिरवणारा होता.

त्याचे दोन गोल मला पाठ आहेत. पहिला २६ ऑगस्ट २००६ चा, वेस्ट हॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या घरच्या मैदानावर, अ‍ॅनफिल्डवर. बचावपटूने चेंडू घेऊन पुढे यावं, कुणी अडवत नाही म्हणून आणखी पुढे यावं, आणि तिथूनच, गोलपासून तीसेक मीटरवरून, डाव्या पायाने असा हाणावा की गोलरक्षकाने नुसतं बघत राहावं. दुसरा १ मे २००७ चा, चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीतला. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे सव्वाबारा उलटून गेले होते. फेरीतल्या दोन सामन्यांपैकी पहिला चेल्सीने १-० ने जिंकला होता. स्टीव्हन जेरार्डने फ्री किक गोलच्या दिशेने न मारता मागे उभ्या असलेल्या अ‍ॅगरकडे जमिनीलगत सरकवली आणि त्याने पहिल्याच स्पर्शात ती जाळ्याच्या कोपऱ्यात धाडली. सामना पेनल्टींवर गेला, लिव्हरपूल जिंकलं. अथेन्समधल्या अंतिम सामन्यात मिलानने २-१ ने हरवलं ते वेगळं. बावीस वर्षांच्या पोराने युरोपातल्या सर्वांत महागड्या संघांपैकी एकाला बाहेर काढलं होतं, आणि त्याच्यापुढे आता दहा-बारा सोन्यासारखी वर्षं आहेत याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती.

दुखापतींचा पट

ती वर्षं अखंड मिळालीच नाहीत. सप्टेंबर २००७ मध्ये पावलातलं मेटाटार्सल हाड मोडलं. परतण्याचा प्रयत्न फसला आणि जवळजवळ अख्खा हंगाम हातचा गेला. त्याच रिकाम्या जागेसाठी जानेवारी २००८ मध्ये लिव्हरपूलने मार्टिन श्कर्टेल या बचावपटूला विकत घेतलं. हा तपशील मी विद्यार्थ्यांना मुद्दाम लिहून घ्यायला लावते. तुम्ही जायबंदी होता तेव्हा तुमची जागा रिकामी राहत नाही. कोणीतरी येतो, चांगला खेळतो, आणि तुम्ही परतता तेव्हा ती जागा तुम्हाला पुन्हा कमवावी लागते. आधीच त्या जागेसाठी जेमी कॅरागर आणि सामी ह्यूपिया हे सहकारी समोर होते, आता श्कर्टेल आला. २००९ मध्ये पाठीची शस्त्रक्रिया झाली. फेब्रुवारी २०१२ मध्ये लीग कपच्या अंतिम सामन्यात कार्डिफविरुद्ध बरगडीला मार बसून तो शेवटच्या काही मिनिटांत बाहेर आला. चषक जिंकला. लिव्हरपूलसोबत त्याने वर उचललेला हा एकमेव मोठा चषक. मधल्या काळात गुडघा, पोटरी, मांडी अशी किरकोळ म्हणवली जाणारी दुखणी होतीच.

तरीही त्या क्लबसाठी तो २३२ सामने खेळला आणि बचावपटू असून १४ गोल केले. डेन्मार्कसाठी ७५ सामने, १२ गोल. २०१० चा विश्वचषक, २०१२ चा युरो (युरोपातल्या राष्ट्रीय संघांची स्पर्धा), आणि बराच काळ कर्णधारपद. डेन्मार्कचा वर्षातला सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून २००७ आणि २०१२ मध्ये त्याची निवड झाली. २०१२ मध्ये मँचेस्टर सिटीने त्याच्यासाठी जोर लावला असताना त्याने लिव्हरपूलशी करार वाढवला आणि उजव्या हाताच्या बोटांवर क्लबच्या ब्रीदाची चार आद्याक्षरं गोंदवून घेतली. इतक्या दुखापतींनंतर एवढे सामने हा आकडा लोक अभिमानाने सांगतात. मी तो वाचते तेव्हा माझ्या डोक्यात वेगळा प्रश्न येतो : यातले किती सामने त्याचं शरीर खेळायला तयार असताना खेळले गेले?

सैल सांधे

मुलाखतीत अ‍ॅगरने आणखी एक गोष्ट सांगितली, जी बातम्यांच्या मथळ्यांत फारशी आली नाही, पण माझ्यासाठी तीच या प्रकरणाची किल्ली आहे. त्याचे सांधे गरजेपेक्षा जास्त सैल आहेत, हायपरमोबाइल.

आमच्याकडे हे तपासायला नऊ गुणांची एक साधी चाचणी असते. अंगठा मागे वळवून मनगटाच्या आतल्या बाजूला टेकतो का, करंगळी मागे नव्वद अंशांच्या पलीकडे जाते का, कोपर आणि गुडघे सरळ करताना उलटे वाकतात का, गुडघे ताठ ठेवून तळवे जमिनीला टेकतात का. शाळेत अशी मुलं हाताची करामत दाखवून मित्रांना थक्क करतात. पुढे तीच मुलं माझ्याकडे येतात, वारंवार मुरगळणारा घोटा घेऊन.

सांधा जागेवर धरण्याचं काम लिगामेंट आणि स्नायू वाटून घेतात. लिगामेंट सैल असलं की त्याच्या वाट्याचं काम स्नायूंवर पडतं. सामन्याच्या पहिल्या तासात स्नायू ते निभावून नेतात. थकल्यावर निभत नाही. सांधा जराजरा सरकू लागतो, आतलं आवरण चिडतं, सूज येते. सांधा नक्की कुठल्या कोनात आहे याची मेंदूला मिळणारी खबरही अशा शरीरात थोडी पुसट असते. सेंटर बॅकचं काम बघा : उंच उडी मारून एका पायावर उतरायचं, ऐंशी किलोच्या आघाडीवीराशी खांद्याला खांदा भिडवायचा, धावता धावता उलट फिरायचं. सैल सांध्यांना याहून वाईट नोकरी शोधून सापडणार नाही. बरगडीला बसलेला मार किंवा पावलाचं मोडलेलं हाड यांचा दोष मी सांध्यांवर टाकणार नाही, ते फुटबॉलमध्ये कोणाचंही होतं. पण रोज सकाळी बिछान्यातून उठताना गुडघा आणि पाठ बोलतात, ते दुखणं वेगळं. ते सांध्यातून येतं, आणि ते विश्रांतीशिवाय शमत नाही.

विश्रांती म्हणजे आठवडे. लीगचा पुढचा सामना शनिवारी.

गोळी काय करते

शरीराला इजा झाली की त्या जागी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. त्यांच्यामुळे सूज येते, जागा गरम होते, आणि वेदनेच्या नसा जास्त संवेदनशील होतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या कुळातल्या गोळ्या ही रसायनं बनवणारं एन्झाइम अडवतात. तासाभरात दुखणं निम्म्यावर येतं. सांध्यातला बिघाड जिथल्या तिथे असतो, फक्त त्याची हाक ऐकू येत नाही.

अडचण अशी की हीच रसायनं शरीरात चांगली कामंही करतात. जठराच्या आतल्या अस्तराला आम्लापासून वाचवतात. मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा, विशेषतः शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना, चालू ठेवतात. नव्वद मिनिटं पळून दोन-तीन लिटर घाम गाळलेला खेळाडू म्हणजे नेमका तोच माणूस, ज्याच्या मूत्रपिंडांना या रसायनांची गरज असते. त्याच वेळी पोटात गोळी असते. एखाद्या वेळी काही बिघडत नाही. आठवड्याला दोन सामने, वर्षाला दहा महिने, अशी सात-आठ वर्षं गेली की हिशोब बदलतो.

वेर्डर ब्रेमेनचा क्रोएशियन आघाडीवीर इव्हान क्लासनिच याला २००७ मध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपण करावं लागलं. आईने दिलेलं मूत्रपिंड शरीराने स्वीकारलं नाही, मग वडिलांनी दिलं. रक्ताच्या चाचण्या बिघाड दाखवत असताना आपल्याला वेदनाशामकं दिली जात राहिली, अशी तक्रार करून त्याने डॉक्टरांना न्यायालयात खेचलं आणि २०२० मध्ये ४० लाख युरोंवर ते प्रकरण मिटलं. अ‍ॅगरच्या बाबतीत असं काही घडलं नाही. पण क्लासनिचचं उदाहरण शेजारी ठेवलं की कळतं, तो कुठल्या रस्त्याने चालला होता.

आणि तो एकटा चालला नव्हता. फिफाचे तेव्हाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी यिरी द्वोराक यांनी २०१० च्या विश्वचषकातल्या संघांच्या डॉक्टरांकडून औषधांच्या नोंदी मागवल्या. सुमारे ३९ टक्के खेळाडू प्रत्येक सामन्याआधी वेदनाशामक घेत होते. दुखलं म्हणून घेणं आणि दुखेल म्हणून आधीच घेणं यातला फरक त्या आकड्यात बुडून गेला आहे. त्या स्पर्धेत डेन्मार्कचा संघही होता. नेदरलँड्सविरुद्धच्या सामन्यात सहकारी सिमोन पोल्सेनने डोक्याने मारलेला चेंडू अ‍ॅगरच्या पाठीवर आदळून स्वतःच्याच जाळ्यात गेला आणि स्वयंगोल अ‍ॅगरच्या नावावर लागला, तीच ही स्पर्धा.

यातलं काहीही नियमबाह्य नव्हतं, आजही नाही. जागतिक उत्तेजक द्रव्यविरोधी संस्थेने ट्रामाडोल हे कडक वेदनाशामक १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेच्या काळात बंद केलं, कॉर्टिसोनसारखी इंजेक्शनंही २०२२ पासून स्पर्धाकाळात बंद आहेत. आयबुप्रोफेनच्या कुळाला मात्र कुणी हात लावलेला नाही. ती गोळी इंग्लंडात दूध-पाव घेता घेता सुपरमार्केटात मिळते.

निर्णय कोणाचा

वर्गात या टप्प्यावर हमखास वाद होतो. अर्धी मुलं म्हणतात, मोठा माणूस होता, गोळी त्याने स्वतःच्या हाताने तोंडात टाकली, जबाबदारी त्याची. अर्धी म्हणतात, डॉक्टर काय करत होते?

माझं मत सांगते. अ‍ॅगरने ती मुलाखत दिली तेव्हा त्याला स्वतःसाठी काही मिळवायचं नव्हतं. दुसऱ्या एखाद्या खेळाडूने एक-दोन गोळ्या कमी घेतल्या तरी पुरे, अशी त्याची भावना होती. कोणावर खापर फोडण्याचा त्यात हेतू नव्हता, आणि त्याच्या या मोठेपणाचा मला आदर आहे. पण त्याने बोट दाखवलं नाही म्हणून आपणही दाखवायचं नाही, हे मला मान्य नाही. कॅरागर निवृत्त झाल्यावर २०१३ मध्ये प्रशिक्षक ब्रेंडन रॉजर्सने अ‍ॅगरला लिव्हरपूलचा उपकर्णधार केलं. देशाचा कर्णधार तो होताच. अशा माणसाला शुक्रवारी विचारलं जातं, उद्या जमेल का? या प्रश्नात एकच उत्तर आधीपासून भरलेलं असतं. प्रशिक्षकाला शनिवार दिसतो. क्लबच्या डॉक्टरचा पगार क्लब देतो. चाहत्यांना नावांच्या यादीत कर्णधार हवा असतो. आणि खेळाडूला श्कर्टेल आठवतो. या सगळ्यांत, पस्तिसाव्या वर्षी या माणसाचा गुडघा कसा असेल, हा विचार करण्याचं काम कोणाकडेच दिलेलं नसतं. गोळी त्याच्या हातात होती हे खरं. पण त्या हाताला चहूबाजूंनी ढकललं जात होतं, आणि ढकलणाऱ्यांपैकी एकाच्याही मनात वाईट नव्हतं. म्हणूनच ते थांबलं नाही.

२०१४ च्या ऑगस्टअखेर तो ब्रॉन्डबीला परतला तेव्हा क्लब नुकताच आर्थिक खाईतून बाहेर पडला होता आणि चाहत्यांनी त्याला तारणहारासारखं डोक्यावर घेतलं. मला वाटतं, याच प्रेमाने त्याच्यावर सगळ्यात मोठं ओझं टाकलं. पैशासाठी खेळणारा माणूस एखादा सामना सोडू शकतो. ज्या मैदानावर तो लहानाचा मोठा झाला तिथे, कोपनहेगनविरुद्धच्या लढतीच्या आठवड्यात, तो कसा सोडणार? मार्च २०१५ ची ती २९ मिनिटं तिथून आली.

त्या दिवसानंतर त्याने गोळ्या बंद केल्या. गोळ्यांशिवायचं ते शरीर आणखी वर्षभर खेळलं. नोव्हेंबर २०१५ मध्ये स्वीडनविरुद्धच्या पात्रता लढतीत डेन्मार्क दोन सामन्यांत मिळून ४-३ ने हरलं आणि २०१६ च्या युरोचं दार बंद झालं. जून २०१६ मध्ये अ‍ॅगरने निवृत्ती जाहीर केली. वय ३१. सेंटर बॅकचं हे ऐन भराचं वय. अनुभव आलेला असतो, आणि वेगाची उणीव जागा ओळखण्याने भरून निघते. कॅरागर आणि ह्यूपिया दोघेही पस्तिशीपर्यंत टिकले होते. २०२१ ते २०२३ त्याने डेन्मार्कमधल्याच एचबी कोगेला प्रशिक्षण दिलं. भावासोबत त्याचा सांडपाण्याच्या वाहिन्या साफ करण्याचा व्यवसायही आहे. फुटबॉलच्या झगमगाटापासून इतकं लांब काही निवडणारा माणूस मला त्याच्या गोलांइतकाच आवडतो.

माझ्या टेबलावर

कोल्हापुरात हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमच्या पायऱ्या भरतात, पेठापेठांत झेंडे लागतात, आणि माझ्याकडे दर आठवड्याला निदान एक पोरगा येतो, ज्याच्या खिशात अर्धी संपलेली स्ट्रिप असते. कोणी डॉक्टरने लिहून दिलेली नसते. मेडिकलमध्ये जाऊन ‘दुखण्यावरची द्या’ म्हटलं की मिळते. सामन्याआधी एक, मध्यंतराला एक. नंतर सूज आली की आणखी एक, कधी रिकाम्या पोटी.

दोन वर्षांपूर्वी असाच एक बचावपटू आला होता. वय एकोणीस. गुडघा फुगलेला. मी त्याला अंगठा मनगटाला टेकवायला सांगितलं, सहज टेकला. कोपर उलटं वाकलं. नऊपैकी सात गुण. मी म्हटलं, सहा आठवडे मैदान बंद, मांडीच्या आणि कमरेच्या स्नायूंचा रोजचा व्यायाम, आणि ही स्ट्रिप इथेच ठेवून जायची.

“मॅडम, उपांत्य सामना हाय रविवारी. मी नाही उतरलो तर माझ्या जागी दुसऱ्याला घेत्यात. मग पुढच्या वर्षी मला कोण विचारतंय?”

मी त्याला अ‍ॅगरचा वेस्ट हॅमविरुद्धचा गोल मोबाइलवर दाखवला. तो दोनदा बघितला त्याने. मग ती २९ मिनिटं सांगितली, श्कर्टेलचं सांगितलं, एकतिसाव्या वर्षीची निवृत्ती सांगितली. त्याच्या संघाच्या व्यवस्थापकाला मी त्याच्यासमोर फोन लावला आणि दोन गोष्टी मागितल्या : हा मुलगा सहा आठवडे बाहेर राहील, आणि तो परत येईल तेव्हा त्याची चाचणी घेतल्याशिवाय त्याची जागा कायमची कोणाला द्यायची नाही. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग ते म्हणाले, “चाचणी घेऊ. शब्द आहे.”

रविवारचा सामना संघ त्याच्याशिवाय खेळला आणि हरला. सोमवारी सकाळी आठ वाजता तो व्यायामाला हजर होता. चेहरा पडलेला, डोळे सुजलेले. मी काही बोलले नाही. त्याच्या मांडीला रबरी पट्टा बांधला आणि पहिली दहा आवर्तनं त्याच्यासोबत मोजली.